गड वर, गाव खाली : पाचाडचे फोटो, चित्रवह्या आणि फडताळातलं एक पान

पाचाडच्या खिंडीत शनिवारी सकाळी उभं राहिलात तर एक दृश्य हमखास दिसतं. गाडी थांबते, दारं उघडतात, पाच-सहा जण उतरतात आणि सगळ्यांचे कॅमेरे आणि मोबाईल एकाच दिशेला वळतात. समोर रायगड. पावसाळा असेल तर ढगात अर्धा बुडालेला, थंडी असेल तर कोवळ्या उन्हात कोरलेला. थोडी चढण चढायची तयारी असलेले वाघबिळात जातात, कारण तिथे गुहेच्या तोंडातून गडाला आयती चौकट मिळते. दहा मिनिटांत काम होतं. दारं लागतात, गाडी पुढे.

यात काही वाईट नाही. मीही हे केलंय, एकदा नाही, अनेकदा. पण माझ्या संशोधनाचा विषयच 'हौशी लोक रोजचं जगणं कसं टिपतात' हा असल्यामुळे एक प्रश्न मला सुटत नव्हता. गडाच्या पायथ्याचं पाचाड हे एक नांदतं गाव आहे. तिथे शाळा आहे, चहाच्या टपऱ्या आहेत, भातखाचरं आहेत, मुंबईहून सुट्टीला येणारे चाकरमानी आहेत. मग एवढ्या कॅमेऱ्यांच्या गर्दीत हे गाव जातं कुठे? पाचाड म्हणून शोधलं की जिजाऊंची समाधी दिसते, वाड्याचे अवशेष दिसतात, तक्क्याची विहीर दिसते. म्हणजे सतरावं शतक दिसतं. एकविसाव्या शतकातला मंगळवार दिसत नाही.

आजचा लेख त्या मंगळवाराबद्दल आहे. फोटोग्राफीचा छंद आणि हल्ली जोरात असलेली चित्रवही, म्हणजे ज्याला सगळे 'आर्ट जर्नल' म्हणतात ते, ही दोन्ही 'रोजचं जगणं टिपण्याची' साधनं म्हणून आपल्यासमोर येतात. ती खरंच तसं करतात का, हे तपासायचंय. आणि शेवटी माझ्याच प्रबंधातली एक चूक कबूल करायची आहे.

फोटो काढण्याजोगं म्हणजे काय?

या विषयावरचं एक जुनं आणि अजून कामाला येणारं पुस्तक पिएर बोर्दियू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत १९६५ साली काढलं. गंमत म्हणजे त्यामागचं संशोधन कॅमेरा-फिल्मच्या धंद्यातल्या कोडॅक-पाथे कंपनीने करवून घेतलं होतं. बोर्दियूचं म्हणणं थोडक्यात असं : कॅमेरा कशाचाही फोटो काढू शकतो, पण माणसं कशाचाही काढत नाहीत. काय 'काढण्याजोगं' आहे हे आधीच ठरलेलं असतं, आणि ते एकट्या माणसाने नाही, त्याच्या समाजाने ठरवलेलं असतं. खेड्यातल्या माणसाला फोटो लागतो तो लग्नाचा, बारशाचा, सणाचा. रोजच्या रस्त्याचा फोटो काढणं हे त्याच्या लेखी सुट्टीवर आलेल्या शहरी माणसाचं खूळ.

हे वाचताना मला हसू आलं, कारण पाचाडमध्ये मी जिथे उतरते त्या घरच्या काकींनी मला पहिल्याच दिवशी हेच सुनावलं होतं. मी पडवीतल्या सुपाचा फोटो काढत होते. त्या म्हणाल्या, "अगं, त्याचा काय काढतेस? गडाचा काढ की!"

इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. बोर्दियूच्या खेड्यात रोजचा फोटो काढणारा पाहुणा असतो. आमच्याकडे पाहुणाही रोजचा फोटो काढत नाही, कारण तो गडासाठी आलेला असतो. त्याच्यासाठी हा सणच असतो. ट्रेकर असो, इतिहासप्रेमी असो की नवा कॅमेरा घेतलेला आयटीवाला, रायगडाचा फोटो हा मुळात दर्शनाचा फोटो आहे. पंढरपूरला जाऊन आलेला माणूस कळसाचा फोटो काढतो, वाळवंटाकाठच्या धोब्याचा काढत नाही, तसंच.

त्यामुळे 'हौशी फोटोग्राफर वरवरचे असतात' ही टीका मला आळशी वाटते. दर्शनाच्या फोटोकडून रोजच्या जगण्याची अपेक्षा करणं चूक. माझी टीका वेगळी आहे : दर्शनाचे फोटो काढून त्यांना 'इथलं जीवन' अशी ओळ जोडली जाते, तिथे गडबड आहे. पायऱ्यांवर ताक विकणाऱ्या धनगर बाईचा चेहरा, सुरकुत्यांवर उजेड पडलेला, कृष्णधवल. फोटो चांगला असतो. पण ती पहाटे किती वाजता निघाली, ताकाचा ग्लास कितीला आहे, १९९६ साली रोपवे सुरू झाल्यापासून पायऱ्यांवरच्या विक्रीत काय फरक पडला, यातलं काहीही त्या फोटोत नाही आणि फोटोखालीही नाही. बाईचा गड झालेला असतो. तिचंही दर्शन घेऊन माणूस पुढे निघालेला असतो.

बटण दाबलं की डोक्याचं काय होतं?

'फोटो काढण्याच्या नादात बघायचं राहून जातं' हे वाक्य आपण सगळ्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय. त्यावर प्रयोग झालेत, आणि निकाल वडीलधाऱ्यांना वाटतो तेवढा सरळ नाही.

लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी आठवण तपासली तर अख्ख्या वस्तूचा फोटो काढला होता त्या वस्तू आणि त्यांचे बारकावे कमी आठवले. जणू डोक्याने काम कॅमेऱ्याकडे सोपवून दिलं. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम केलं, त्यांचं असं नुकसान झालं नाही. भाग निवडायचा म्हणजे लक्ष द्यावं लागतं.

पुढे २०१७ मध्ये अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी थोडं वेगळं विचारलं. कशाचा फोटो काढायचा हे माणसाला स्वतः ठरवू दिलं तर? तेव्हा उलटं दिसलं. पाहिलेलं जास्त लक्षात राहिलं. मात्र ऐकलेलं कमी लक्षात राहिलं. डोळा पुढे सरकला तसा कान मागे पडला.

हा दुसरा निकाल वाचून मी पाचाडच्या माझ्या टिपणांकडे परत गेले. पावसाळ्यातल्या फोटोंचं फोल्डर उघडलं. हिरवा डोंगर, धुकं, पागोळ्या, सगळं सुरेख. आणि मला आठवेना की पत्र्यावर आणि कौलांवर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात काय फरक होता. ज्या घरात मी राहत होते त्याच्या अर्ध्या भागावर पत्रा होता नि अर्ध्यावर कौलं. रात्री झोपताना हा फरक कानाला कळलाच असणार. फोटोत पत्राही आहे, कौलंही आहेत. आवाज गेला.

आता वहीची बाजू. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या वॅम्स, मीड आणि फर्नांडिस या तिघांनी २०१६ मध्ये दाखवलं की एखादा शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त लक्षात राहतो. आणि हे महत्त्वाचं : चित्र चांगलं असायची गरज नाही. काही सेकंदांत काढलेल्या वेड्यावाकड्या चित्रानेही काम होतं. काढताना डोकं अर्थ शोधतं, डोळा आकार शोधतो, हात हलतो, आणि या तिन्हीची गाठ बसते.

एक सावधगिरी इथेच सांगते. हे प्रयोग शब्दांच्या याद्यांचे आणि संग्रहालयातल्या फेरीचे आहेत. त्यावरून 'चित्रवही ठेवा, आयुष्य लक्षात राहील' असं म्हणणं म्हणजे फारच लांब उडी. शिवाय आपल्याला आठवणं आणि दुसऱ्याला कळेल अशी नोंद राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोग पहिलीबद्दल बोलतात. मला इथे दुसरीबद्दल बोलायचंय.

वहीसुद्धा सजते

गेल्या काही वर्षांत चित्रवहीचं बरंच पेव फुटलंय. त्याचा एक चांगला प्रवाह म्हणजे २००७ मध्ये सिॲटलमधल्या गाब्रिएल कांपानारिओ या पत्रकार-चित्रकाराने सुरू केलेली अर्बन स्केचर्सची चळवळ. मुंबई-पुण्यातही असे गट रविवारी सकाळी स्टूल घेऊन बसलेले दिसतात. त्यांचा नियम साधा आहे : जागेवर बसून काढायचं, जे दिसतं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. दुसरा प्रवाह रंगीत चिकटपट्ट्या, स्टिकर, सुकवलेली फुलं, वळणदार अक्षरात लिहिलेलं 'आजचा दिवस' असा आहे.

या दुसऱ्या प्रवाहाची टिंगल करायचा मोह होतो, पण लोकांना त्यातून निवांतपणा मिळतो, तर मिळू दे. माझा आक्षेप एवढाच की त्याला 'रोजचं जगणं' म्हणू नये. अशा वहीत दिवस आधी सजवला जातो आणि मग चिकटवला जातो. रायगडाच्या सहलीचं एक पान मी पाहिलं : रोपवेचं तिकीट, गडाची बाह्यरेषा, एक वाळलेलं पान. छान दिसत होतं. पण तिकिटावरची किंमत फुलाखाली गेली होती. वीस वर्षांनी त्या पानावरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच ठरली असती.

मग चांगली चित्रवही कशी असते? आपल्या शेजारचंच उदाहरण मारिओ मिरांडांचं आहे. लहानपणी भिंतींवर चित्रं काढतो म्हणून आईने कोरी वही हातात दिली आणि त्यातून त्यांची चित्र-रोजनिशीची सवय लागली, ही गोष्ट अनेकांना माहीत असेल. गोव्यातलं लोटली हे त्यांचं गाव. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिश्या जेरार्ड द कुन्हा यांनी पुस्तकरूपात आणल्या आहेत. तेव्हा मारिओ पंचविशीच्या आसपासचे, नाव झालेलं नव्हतं, आणि गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता.

या रोजनिश्या मला का मोलाच्या वाटतात? पहिलं कारण, त्यात चिकाटी आहे. काही घडलं नाही तरी चित्र आहे. दुसरं, त्यात गाव माणसांनी भरलेलं आहे : पाद्री, शेजारी, लग्न, मयत, जेवणावळ, गप्पांचे अड्डे. माणसं हसू येईल अशी काढलीत, पण ती त्या विशिष्ट दिवशीची विशिष्ट माणसं आहेत, 'गोव्याचं लोकजीवन' नाहीत. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. काढणारा स्वतः चित्रात आहे. तो कंटाळलाय, तो रिकामटेकडा हिंडतोय, हे दिसतं. पाहणाऱ्याने आपल्याला चौकटीबाहेर सुरक्षित ठेवलेलं नाही.

त्यांच्यात उणीवही आहे, आणि ती सांगायला हवी. थट्टा करणारी रेघ जवळच्याला प्रेमाने चिमटा काढते, पण जो चित्रकाराच्या ओळखीचा नाही, त्याच्या घरात राबतो किंवा शेतात काम करतो, त्याचं काय? जमीनदार घरातला तरुण आपल्या ओट्यावरून जेवढं दिसतं तेवढं काढतो. ओट्यावरून मागीलदारचं दिसत नाही. चांगल्यातल्या चांगल्या वहीलाही बसायची एक जागा असते आणि तिथून काही गोष्टी दिसत नाहीतच.

पाचाडचा एक जुना पाहुणा

बसायच्या जागेवरून आठवलं. पाचाडला आलेला आणि नोंदी ठेवलेला एक प्रसिद्ध पाहुणा म्हणजे हेन्री ऑक्झिंडेन. १६७४ च्या मे महिन्यात हा इंग्रज वकील शिवाजी महाराजांशी तहाची बोलणी करायला मुंबईहून आला. महाराज प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेलेले, म्हणून मंडळींना पायथ्याशी पाचाडला थांबावं लागलं. पुढे गडावर राज्याभिषेक झाला तेव्हा तो तिथे हजर होता, आणि म्हणून इतिहासाची पुस्तकं त्याला विसरत नाहीत.

पण जॉन फ्रायरच्या प्रवासवर्णनात या वकिलातीची जी हकिकत आलीय, त्यात मला राज्याभिषेकाइतकीच लक्षात राहिलेली गोष्ट खाटकाची आहे. गडावर सगळे खिचडी खाऊन राहणारे. इंग्रजांना रोज बकऱ्याचं मांस लागायचं. ते पुरवणारा म्हातारा खाटीक अखेर एवढा गड चढून वर आला, फक्त या गिऱ्हाइकांचं तोंड बघायला. कारण एका महिन्यात त्यांनी जेवढं मांस खाल्लं तेवढं त्याच्याकडून आधीच्या कित्येक वर्षांत खपलं नव्हतं.

ही नोंद 'रोजचं जगणं टिपावं' म्हणून केलेली नाही. सांगण्यासारखा मजेदार किस्सा म्हणून ती राहिली. पण तिच्यामुळे सिंहासन, छत्र, तोफा यांच्या खालच्या मजल्यावर काय शिजत होतं हे कळतं. आणि एक फार सुंदर उलटापालट त्यात आहे : इथे पाहुणा खाटकाला बघायला गेलेला नाही, खाटीक पाहुण्याला बघायला आलाय. पायऱ्यांवरच्या ताकवाल्या बाईच्या फोटोत हेच नसतं. तिनेही आपल्याकडे पाहिलेलं असतं. तिला आपण कसे दिसलो?

राज्याभिषेकाचंच बोलायचं तर इंग्लंडमध्ये १९३७ साली 'मास ऑब्झर्व्हेशन' नावाचा एक उपक्रम सुरू झाला. सामान्य लोकांनी आपापल्या दिवसाची टिपणं लिहून पाठवायची. १२ मे १९३७ ला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. त्या एका दिवसाच्या टिपणांचं त्यांनी पुस्तकच केलं. राजाकडे पाहण्याऐवजी त्या दिवशी बाकीचे काय करत होते हे पाहिलं. कोण कंटाळलं, कोणी काय खाल्लं, पावसाने काय केलं.

आपल्याकडे दर वर्षी ६ जूनला रायगडावर प्रचंड गर्दी होते. ढोल, भंडारा, पालखी, वरून घेतलेले फोटो. हा दिवस कॅमेऱ्यांनी पिंजून काढलेला आहे. पण पाचाडमधला ६ जून? गाड्या लावायला कोणाचं खाचर दिलं, विहिरीचं पाणी किती वाजेपर्यंत पुरलं, कोणाचा वडापाव संपला, आजारी माणसाला महाडला न्यायचं तर रस्ता मोकळा होता का? आणि ७ जून? गर्दी उतरून गेल्यावर गाव कसं दिसतं? गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, रायगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. म्हणजे ही गर्दी वाढणार. गाव बदलणार. आजच्या ७ जूनची नोंद नसेल तर उद्या बदल मोजणार कशाशी?

(हा लेख टीकेचा आहे म्हणून गोनीदांचं नाव घेतल्याशिवाय सोडत नाही, नाहीतर तुम्ही विचारालच. गो. नी. दांडेकर आयुष्यभर गड हिंडले, कॅमेरा घेऊन हिंडले. छंद या शब्दाला त्यांनी प्रतिष्ठा दिली. पण त्यांच्यातली मला सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ही की राजमाचीवर लिहायला बसले तेव्हा त्यांनी 'माचीवरला बुधा' लिहिली. नायक गड नाही. माचीवर राहणारा एक म्हातारा आहे. गडावर पुन्हापुन्हा जाणाऱ्याला कधीतरी गडावरचा माणूस दिसायला लागतो.)

पाण्यात काय टिकलं

आता घरची गोष्ट. २२ जुलै २०२१ च्या पुराने महाड शहर पाण्यात गेलं. त्याच दिवशी तळियेला दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दुःखापुढे फोटोंचं काय घेऊन बसलीस, असं मी स्वतःलाच विचारलंय. तरी लिहिते, कारण पूर ओसरल्यावर महाडमध्ये माणसं चिखलातून जे शोधत होती त्यात अल्बम होते.

माझ्या आजोळचे अल्बमही त्यात होते. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पाणी लागलं की तो फुगतो, चिकट होतो आणि वाळताना समोरच्या फोटोला धरून ठेवतो. मामाच्या लग्नाचे फोटो असे समोरासमोर चिकटले. घाईने ओढले तर एकाचा चेहरा दुसऱ्यावर गेला. (तुमच्यावर अशी वेळ आली तर ओढू नका. स्वच्छ थंड पाण्यात भिजू द्या, सावकाश सुटतात, मग सावलीत वाळवा. हे मला नंतर कळलं.) शाईच्या पेनाने लिहिलेली पत्रं निळी होऊन गेली. टिकली ती आजोबांची एक वही, शिसपेन्सिलीने लिहिलेली. दुधाचा हिशेब, धोब्याचे कपडे, कुठे 'पाऊस फार'. शिसं पाण्यात विरघळत नाही, एवढंच कारण.

लग्नाचे फोटो गेल्याचं घरात दुःख झालं. वही वाचल्याचा आनंद कोणाला झाला नाही. मलाही नाही, त्या वेळी. पण आज ते फोटो आठवायला बसले तर ते सगळ्या लग्नांच्या फोटोंसारखे आठवतात. वहीत मात्र आजी बाळंतपणाला माहेरी गेली त्या महिन्यात दूध अर्धा लिटर झालेलं दिसतं.

फडताळातलं पान

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी असं वाक्य लिहिलं होतं : 'पाचाडसारख्या गावात रोजच्या जगण्याची नोंद ठेवण्याची परंपरा दिसत नाही.' मार्गदर्शकांनी त्याखाली फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं.

त्यानंतर गेले तेव्हा काकी फडताळ साफ करत होत्या. मी डबे खाली उतरवून देत होते. कप्प्यांत डब्यांखाली कागद घातलेले. तेलकट डागांचे, कडा दुमडलेले. कालनिर्णयची पानं. १९७३ पासून निघणारं हे कॅलेंडर महाराष्ट्रात किती भिंतींवर असेल कोण जाणे, आणि त्याच्या चौकोनांत लोक काय काय लिहितात हे मी माझ्या आईच्या स्वयंपाकघरात लहानपणापासून पाहत आलेय. तरी मला ते 'दिसलं' नव्हतं.

एका पानावर चौकोनाचौकोनांत बारीक अक्षर होतं. गॅस लावला. गाय व्याली. राब भाजला. बचत गट. मुंबईचा फोन. रोप टाकलं. तारखा, आकडे, एखादी खूण. काही चौकोनांत नुसतं गोल. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आणखी एका डब्याखालचं पान जुलै २०२१ चं होतं. एकवीस तारखेपर्यंत चौकोन भरलेले : लावणीला किती बाया, कोणाच्या खाचरात. बावीसपासून कोरं. कोरं, कोरं, कोरं. मग एका चौकोनात दोन शब्द : लाईट आली.

मी त्या पुराबद्दल बातम्या वाचल्यात, ड्रोनची दृश्यं पाहिलीत, महाडच्या बाजारपेठेचे फोटो प्रबंधात वापरलेत. त्या कोऱ्या चौकोनांनी जे सांगितलं ते त्यातल्या कशाने सांगितलं नव्हतं. त्या चौकोनांकडे बघत मी मोबाईल काढला. काकी म्हणाल्या, "वाच की. पण फोटो नको. हप्त्याचं लिवलंय त्यात."

म्हणून या लेखासोबत फोटो नाही. इथे लिहिलंय तेवढं त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी दोन गोष्टी काढायला सांगितल्या, त्या काढल्या.

मग टीका कोणावर?

सगळ्यात आधी माझ्यावर. मी कॅमेरा आणि चित्रवही या दोन्हींना 'नोंद' समजून चालले आणि ज्यात रंग नाही, चौकट नाही, ज्याला कोणी छंद म्हणत नाही, ती नोंद माझ्या समोरच्या भिंतीवर असून वगळली. सुपाचा फोटो काढला, सुपामागच्या कॅलेंडरचा नाही. तो फोटो मी परत पाहिला. कॅलेंडर त्यात आहे, उजव्या कोपऱ्यात, धूसर. मागचं धूसर यावं म्हणून मी मुद्दाम तशी सेटिंग लावली होती.

दुसरी टीका 'रोजचं जगणं टिपा' या सल्ल्यावर. कालनिर्णयमधली नोंद चांगली का, तर ती कोणाला दाखवण्यासाठी नाही म्हणून. ती वापरण्यासाठी आहे : गॅस कधी संपेल, गाय कधी व्यायची, हप्ता कधी. दाखवायचं ठरलं की हप्ता जातो आणि वाळलेलं पान येतं. पण हीच गोष्ट उलटूनही पाहायला हवी. जे दाखवण्यासाठी नाही ते उचलून प्रबंधात लावायचा हक्क मला कोणी दिला? सर्वांत खरी नोंद ही बहुधा आपली नसतेच. फोटो नाही म्हटल्यावर मोबाईल खिशात ठेवणं हा या छंदाचाच भाग मानायला हवा, त्यातला अडथळा नाही.

आणि तिसरी, ती टीका नाही, विनंती आहे. रायगडाला जा, फोटो काढा, वही काढा. खिंडीतून गड काढून झाला की एकदा मागे वळून गाव काढा. फोटोखाली तारीख, वार, वेळ आणि एक किंमत लिहा : चहाची, ताकाची, पार्किंगची. त्या जागेवर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात परत या आणि तेच काढा. डोळे मिटून दोन मिनिटं काय ऐकू येतं ते पेन्सिलीने लिहा. ज्याचा फोटो काढला त्याला प्रिंट द्या, निदान मोबाईलवर पाठवा. अशा पाच-दहा वर्षांच्या फोटोंना प्रदर्शनात बक्षीस मिळणार नाही. पण गाव बदललं हे म्हणायला तेव्हा काहीतरी हातात असेल.

दुसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य मी खोडलंय. त्याच्या जागी काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये. जानेवारीत काकींनी फोन केला होता. म्हणाल्या, जुनं कॅलेंडर काढलंय, फडताळात घालायचं होतं, पण तू म्हणत होतीस म्हणून तसंच गुंडाळून ठेवलंय. मी म्हटलं, मला नको, तुमच्याकडेच ठेवा. त्यावर त्या म्हणाल्या, "मग डब्याखाली काय घालू?"

पुढच्या खेपेला जाताना कोरे कागद घेऊन जाणार आहे.